टोपली तिची, संस्था फादरांची

११ डिसेंबर १८४५ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच अकादमीची सभा भरली होती. भाषेचे आणि साहित्याचे निवाडे करणारी ही बडी मंडळी वर्षातून एकदा एक निराळंच काम करत. मोंतियाँ नावाच्या उमरावाने ठेवलेल्या निधीतून एखाद्या गरीब फ्रेंच माणसाच्या सत्कृत्याला ती बक्षीस देत. त्या वर्षीचे ३,००० फ्रँक ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या सें-सेर्वां गावातल्या एका मोलकरणीला जाहीर झाले. तिचं नाव झान ज्युगां, वय ५३. मानपत्राचं भाषण करायला उभे राहिले होते आंद्रे द्युपँ, नामांकित वकील आणि फ्रेंच लोकसभेचे माजी अध्यक्ष. गाठीला दमडी नसलेली ही बाई इतक्या म्हाताऱ्यांना खाऊ घालते तरी कुठून, असा प्रश्न त्यांनीच विचारला आणि उत्तरही त्यांनीच दिलं: देव दयाळू आहे, ही बाई थकत नाही, आणि हातातली टोपली भरल्याशिवाय ती घरी परतत नाही.

सभागृहाने टाळ्या वाजवल्या असतील. पण एक गोष्ट त्या सभागृहाला ठाऊक नव्हती. जिच्या संस्थेचं एवढं कौतुक चाललं होतं, तिला त्या संस्थेच्या प्रमुखपदावरून काढून दोन वर्षं होत आली होती.

झानचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ चा, कांकाल या गावचा. हे गाव आज कालवांसाठी प्रसिद्ध आहे. तिथला समुद्र भरतीला छातीवर येतो आणि ओहोटीला मैलभर मागे सरतो. तेव्हाचे पुरुष कॉड मासळीसाठी अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडपर्यंत जात. जाणारे सगळेच परतत नसत. झान साडेतीन वर्षांची असताना तिचे वडील समुद्रात नाहीसे झाले. आठ मुलांपैकी चार लहानपणीच गेली होती, उरलेल्यांना आईने मोलमजुरी करून वाढवलं. राज्यक्रांतीचा काळ होता, चर्चला टाळं लागलं होतं, आणि मुलांना प्रार्थना शिकवायची ती घरात, दार लावून. झान गुरं राखायला शिकली, लोकर कातायला शिकली. सोळाव्या वर्षी ती जवळच्या एका जहागीरदारिणीच्या वाड्यावर स्वयंपाकघरात कामाला लागली.

एका खलाशाने तिला मागणी घातली होती. तिने नकार दिला. देवाने मला एका कामासाठी राखून ठेवलंय, ते काम अजून उभं राहायचंय, असं काहीसं ती आईला म्हणाली, अशी आठवण सांगतात. संतचरित्रांत अशा भविष्यवाण्या फार सापडतात, म्हणून मी त्यावर फार भर देणार नाही. पण एवढं खरं, की पुढची वीसेक वर्षं त्या कामाचा पत्ता नव्हता. पंचविसाव्या वर्षी ती सें-सेर्वांला आली, तिथल्या इस्पितळात सहा वर्षं रुग्णसेवा केली आणि थकून बाहेर पडली. मग मादमवाझेल लकोक नावाच्या एका धर्मनिष्ठ प्रौढेकडे बारा वर्षं राहिली. नावाला नोकर, प्रत्यक्षात सोबतीण. दोघी मिळून मुलांना धर्मशिक्षण देत, गरिबांच्या घरी जात. १८३५ मध्ये बाई वारल्या आणि झानकडे थोडी रक्कम व थोडं सामान ठेवून गेल्या.

त्या काळच्या बंदरगावांत म्हातारपणी भीक मागणं हा बायकांच्या आयुष्याचा ठरलेला शेवट होता. नवरा समुद्राने नेला की मागे विधवा उरे. दुसऱ्यांच्या घरी राबण्यात ज्यांची उमर गेली त्यांना हात चालेनासे झाल्यावर दार दाखवलं जाई. पेन्शन नाही, विमा नाही, आणि सरकारी दानधर्माच्या कचेरीतून जे मिळे त्यात पोट भरत नसे. झान स्वतः याच रांगेत उभी होती, फक्त अजून तिचे हातपाय चालत होते. तिने फ्रांस्वाज ओबेर नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या मैत्रिणीबरोबर भाड्याने छोटी जागा घेतली. दोन खोल्या आणि वर माळा. पुढे व्हिर्जिनी त्रेदानिएल नावाची एक अनाथ तरुण मुलगी तिसरी आली. एक सूत काते, दुसरी शिवणकाम करी, झान लोकांकडे दिवसभराचं काम करी.

१८३९ च्या हिवाळ्यात झानने आन शोव्हँ नावाच्या आंधळ्या, अर्धांग झालेल्या विधवेला घरी आणलं. म्हातारीला अरुंद जिना चढता येईना, म्हणून झानने तिला पाठुंगळीला घेऊन वर नेलं असं सांगतात. स्वतःचा बिछाना तिला दिला आणि आपण माळ्यावर निजायला गेली. संस्थेचा इतिहास या बिछान्यापासून सुरू होतो.

दुसरी आली इझाबेल केरू, आणि मला तिची गोष्ट पहिलीपेक्षा जास्त बोलकी वाटते. ती जन्मभर एका घरात मोलकरीण होती. मालकांची स्थिती खालावली, पगार थांबला, तरी तिने त्यांना सोडलं नाही. साठवलेलं होतं ते त्यांच्यावर खर्च केलं. ते संपल्यावर त्यांच्यासाठी भीक मागितली. मालक गेले, आणि मागे उरली ती आजारी, एकटी, रस्त्यावर. तिला घरात घेणारी झानसुद्धा मोलकरीणच. श्रीमंतांनी गरिबांवर केलेल्या उपकाराची ही गोष्ट नाही. एका मोलकरणीने दुसरीचं म्हातारपण आपल्या अंगावर घेतलं, एवढंच.

१८४१ मध्ये जागा अपुरी पडू लागली. मग तिने एक जुनं दारूचं दुकान भाड्याने घेतलं आणि तिथे डझनभर म्हाताऱ्या राहू लागल्या. पुढच्याच वर्षी एक पडीक कॉन्व्हेंट विकत घेतलं. मादलेन बुर्ज नावाची इस्त्रीवाली आजारी पडून या घरात आली होती, ती बरी झाली आणि इथलीच होऊन राहिली. पण एवढी माणसं जेवणार काय?

या प्रश्नाचं जे उत्तर झानने काढलं ते इतकं साधं होतं की कुणाला ते शोध वाटत नाही. घरात आलेल्या म्हाताऱ्यांना पूर्वी भीक मागायची सवय होती आणि कित्येकींना ती सोडवत नसे. बाहेर पडायचं, चार घरं हिंडायचं, कधी मिळालेले पैसे दारूवर घालवायचे. झानने प्रत्येकीला विचारलं, तू कुणाकुणाच्या दारी जात होतीस? आणि मग त्या दारांशी ती स्वतः गेली. अमकी आजी आता येणार नाही, ती आमच्याकडे आहे, तुम्ही तिला जे देत होता ते मला द्या. म्हणजे नवे दाते शोधण्याआधी तिने जुने दाते एकत्र बांधले. जो तुकडा आधी रस्त्यात पडे तो आता एका चुलीपाशी येऊ लागला.

टोपली तिच्या हाती दिली ती सेंट जॉन ऑफ गॉडच्या संघातल्या ब्रदर क्लोद-मारी गांदे यांनी. त्यांच्या संघात रुग्णांसाठी भिक्षा मागण्याची जुनी रीत होती आणि झानला धीर द्यायला कुणीतरी हवंच होतं. ती स्वाभिमानी कोळ्याची पोर. मोलाने राबणं वेगळं, हात पसरणं वेगळं. पहिल्यांदा तिला ते फार जड गेलं. आपल्याकडे माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्या होऊन गेल्या, त्यामुळे दारोदार जाण्यातली लाज आणि ती लाज गिळण्यातली शिस्त मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. फरक एवढाच की माधुकरीत मागणारा स्वतः जेवतो आणि झानच्या टोपलीतलं आधी म्हाताऱ्यांना मिळे. टोपलीत उरलंसुरलं अन्न येई, बटाटे, जुने कपडे, लोकर, चार नाणी.

एकदा कुणा म्हाताऱ्याने चिडून तिच्या थोबाडीत मारली. ती म्हणाली, ही माझ्यासाठी झाली, आता माझ्या गरिबांसाठी काहीतरी द्या. ही गोष्ट संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि ती शब्दशः घडली की नाही याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही. मागणाऱ्याला देणाऱ्याच्या दारात आपली जागा कशी धरून ठेवायची असते, हे त्यात नेमकं पकडलं आहे.

आता फादरांकडे येऊ. ओग्युस्त ल पायर हे सें-सेर्वांच्या चर्चमधले तरुण धर्मगुरू. मारी झामे आणि व्हिर्जिनी या दोन मुली त्यांच्याकडे पापनिवेदनाला जात आणि त्यांच्याच सल्ल्याने चालत. झानच्या घरातल्या बायकांचं छोटं मंडळ त्यांच्या देखरेखीखाली आलं. २९ मे १८४२ रोजी मंडळाने झानला प्रमुख निवडलं. डिसेंबर १८४३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली, पुन्हा तीच निवडून आली. पंधरवड्यात, २३ डिसेंबरला, फादरांनी ती निवडणूक रद्द ठरवली आणि प्रमुखपदी २३ वर्षांच्या मारी झामेला बसवलं.

का? झान ५१ वर्षांची होती, गावात तिचा शब्द चालत होता, महापौरापासून बाजारकऱ्यांपर्यंत सगळे तिला ओळखत होते. ती फादरांची शिष्या नव्हती, मारी होती. माझ्या मते उत्तर एवढंच आहे. फादरांना संस्था वाढवायची होती आणि संस्थेचा संस्थापक व्हायचं होतं. त्यासाठी गादीवर आज्ञाधारक माणूस हवा होता आणि रस्त्यावर टोपली घेऊन हिंडणारी झान हवीच होती, कारण पैसा तिच्याच नावावर मिळत होता. म्हणून पद काढून घेतलं, टोपली राहू दिली.

आणि इथे अकादमीची ती सभा पुन्हा आठवावी लागते. सें-सेर्वांच्या महापौरांनी आणि प्रतिष्ठितांनी पॅरिसला अर्ज पाठवला होता तो झानच्या कामाची साक्ष देणारा. त्यात तिचंच नाव होतं, कारण गावाला दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. द्युपँ यांचं भाषण छापलं गेलं, त्याची पत्रिका निघाली. ती पत्रिका झान भिक्षेला जाताना बरोबर नेऊ लागली. परक्या गावात, परक्या दारात, ही कोण बाई असं कुणी विचारलं तर अकादमीचा कागद पुढे करायचा. आत ती साधी सिस्टर, तेही मारी ऑफ द क्रॉस या नव्या नावाने. बाहेर ती फ्रान्सच्या विद्वानांनी गौरवलेली झान ज्युगां. हे दुहेरी आयुष्य तिने काही वर्षं सांभाळलं. फ्रीमेसन मंडळींनीही तिला सोन्याचं पदक दिलं होतं. कॅथॉलिक चर्च आणि फ्रीमेसन यांचं तेव्हा हाडवैर. ते पदक वितळवून मिस्सेसाठी कॅलिस, म्हणजे द्राक्षरसाचा पवित्र पेला, करण्यात आला. वसईच्या कॅथॉलिक वाचकांना यातला मिश्कीलपणा लगेच कळेल.

तिच्या पायांमागून घरं उघडत गेली. १८४६ मध्ये रेन आणि दिनाँ, मग तूर, १८५० मध्ये आँजे. कुठे नवं घर अडचणीत आलं की झानला धाडायचं. ती जाई, मागे, घर सावरे, निघून जाई. १८५१ मध्ये लंडनमध्ये घर सुरू झालं आणि १८५२ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात या सिस्टर्सवर लेख आला. तोवर लोक त्यांना ज्या नावाने ओळखू लागले ते इंग्रजीत लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर म्हणून रूढ झालं.

त्याच १८५२ साली रेनच्या बिशपांनी संघाला मान्यता दिली, फादर ल पायर त्याचे सर्वोच्च प्रमुख झाले आणि त्यांनी झानला मुख्य मठात परत बोलावलं. तिचं भिक्षेला जाणं बंद झालं. दात्यांशी संबंध तोडायचे, बाहेर पडायचं नाही. तिला एकच काम उरलं, नव्या मुलींच्या हातून होणाऱ्या कामावर लक्ष ठेवणं. १८५६ मध्ये मठ सें-पेर्नजवळच्या ला तूर या मोठ्या वाड्यात हलला आणि झान तिथेच राहिली. परत बोलावल्यापासून मरेपर्यंत एकूण २७ वर्षं.

या २७ वर्षांत तिच्या डोळ्यांदेखत तिचा इतिहास बदलला गेला. संस्था १८४० मध्ये फादरांनी दोन मुलींना घेऊन स्थापली आणि झान नंतर त्यांना येऊन मिळाली, असं सांगितलं जाऊ लागलं. शेकडो तरुण सिस्टर्स तिच्यासमोरून गेल्या. कोपऱ्यात काठी टेकून बसणारी ही म्हातारी कोण हे त्यांतल्या बहुतेकींना ठाऊक नव्हतं. एकदा तिने फादरांना तोंडावर म्हटलं की तुम्ही माझं काम चोरलंत, पण मी ते तुम्हाला मनापासून देऊन टाकते. ही आठवण सिस्टर्सनीच पुढे सांगितली.

चर्च या मौनाचं कौतुक करतं, त्याला नम्रता म्हणतं. मला हे कौतुक अर्धंच पटतं. तिच्याकडे महापौर होते, अकादमीचा छापील कागद होता, अर्ध्या ब्रिटनीची सदिच्छा होती. तिने बिशपाकडे दाद मागितली असती तर संघ कदाचित फुटला असता आणि चुली विझल्या असत्या. तिने तो धोका पत्करला नाही, हे समजतं. पण त्याच मौनाच्या आडोशाने एका माणसाला जवळजवळ चाळीस वर्षं मोकळं रान मिळालं, हेही तितकंच खरं. संतपदाच्या भाषणांत ही दुसरी बाजू सहसा येत नाही. मौन हा गुण असेल, पण तो ज्यांच्या सोयीचा असतो त्यांनीच त्याची स्तुती करावी हे विचित्र आहे.

तिला गप्प बसवणाऱ्यांना एकदा तिची गरज पडली. १८६५ साली. संघ वाढला होता, लोक मृत्युपत्रांतून ठेवी ठेवू लागले होते, दरसालचं व्याज देऊ करत होते. पक्कं उत्पन्न घ्यावं की नाही? कार्यकारी मंडळाचा निर्णय होईना. मग नवशिक्या मुलींच्या खोलीतून झानला बोलावलं गेलं. तिचं मत स्पष्ट होतं: ठेव नको, व्याज नको, रोजच्या दानावरच चालू द्या. तसा ठराव झाला आणि त्या कागदावर, मंडळाची सदस्य नसतानाही, तिची सही घेतली गेली.

या सहीत तिचं सगळं मुरलेपण दिसतं. वरवर हा भाबडेपणा वाटतो. कुठल्याही ट्रस्टचा खजिनदार कपाळावर हात मारेल. पण ठेवी आल्या की संस्था दात्यांपासून मोकळी होते, मग रस्त्यापासून, आणि हळूहळू ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्यापासूनही. व्याजावर जगणाऱ्या संस्थेला म्हातारी माणसं गैरसोयीची होऊ शकतात. टोपलीवर जगणाऱ्या संस्थेला रोज बाजारात जावं लागतं आणि आपण कुणासाठी मागतोय हे रोज सांगावं लागतं. देणारा भाजीवालाही मग त्या घराचा थोडासा मालक होतो. फादरांनी तिच्याकडून नाव घेतलं, पद घेतलं, पण संघाचा जमाखर्च कसा चालावा हे मात्र शेवटी तिनेच ठरवलं.

झान २९ ऑगस्ट १८७९ रोजी वारली, वय ८६. शेवटी तिला नीट दिसत नव्हतं. तेव्हा संघात सुमारे २,४०० सिस्टर्स होत्या आणि दहा देशांत घरं होती. त्याच वर्षी १ मार्चला पोप तेरावे लिओ यांनी संघाच्या घटनेला मंजुरी दिली होती.

मग अकरा वर्षांनी, १८९० मध्ये, रोमने फादर ल पायर यांना बोलावून घेतलं आणि पदावरून दूर केलं. उरलेलं आयुष्य त्यांनी रोममधल्याच एका मठात काढलं. मारी झामे १८९३ मध्ये गेली. मी पहिली सिस्टर नाही, संस्थापिकाही नाही, मला जसं सांगितलं तसं मी वागले, असं ती अखेरीस म्हणाली. तिच्यावर राग धरणं मला जमत नाही. २३ व्या वर्षी आपल्या गुरूने बसवलेल्या खुर्चीतून उठणं किती जणांना जमतं? चौकशी होऊन १९०२ मध्ये झान हीच संस्थापिका होती हे मान्य झालं. अकादमीच्या छापील भाषणातलं नाव कुणालाच खोडता आलं नव्हतं. ३ ऑक्टोबर १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला धन्य घोषित केलं आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी संत. त्याच समारंभात मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांमध्ये राहून कुष्ठरोगानेच गेलेले फादर डेमियनही संत झाले.

आज या संघाचं नाव वर्तमानपत्रांत आलंच तर ते बहुधा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यामुळे. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यात गर्भनिरोधकांचा खर्च धरण्याच्या सक्तीविरुद्धच्या वादात २०२० मध्ये निकाल या सिस्टर्सच्या बाजूने लागला. त्या वादाच्या दोन्ही बाजूंना वकिलांची फौज होती आणि त्यात झानला ओळखीचं काही सापडलं असतं असं वाटत नाही. तिच्या सिस्टर्स आजही ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या जोडीला चौथं व्रत घेतात, आतिथ्याचं. म्हातारा हा पाहुणा, आश्रित नव्हे.

भारतात हा संघ झानच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, १८८२ मध्ये, कलकत्त्याला आला. तिथल्या सेंट जोसेफ्स होममध्ये डिसेंबर १९४८ मध्ये ३८ वर्षांची एक नन राहायला आली. लोरेटोचा मठ सोडलेली, पाटण्याला थोडं शुश्रूषेचं शिक्षण घेतलेली, अंगावर निळ्या काठाची स्वस्त पांढरी साडी, आणि स्वतःचा संघ म्हणावा असा अजून काहीच नाही. मदर तेरेसा तेव्हा कुणाला माहीत नव्हत्या. त्यांना शहरात पाठ टेकायला जागा हवी होती आणि ती दिली झान ज्युगांच्या सिस्टर्सनी. तिथून त्या सकाळी निघत आणि मोतीझीलच्या झोपडपट्टीत जात. दोनेक महिन्यांनी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, क्रीक लेनवरच्या एका घराचा वरचा मजला त्यांना मिळाला आणि त्या तिकडे राहायला गेल्या.